बाकाचे पाय

मानवी संस्कृतीचा सगळा डोलारा एकाच नियमावर उभा आहे. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा तिच्या पायांच्या आत पडली पाहिजे. मनोरे, पूल, डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई, एका पायावर झोपणारा बगळा, सगळे या नियमाचे ताबेदार आहेत. गेली तेवीस वर्षं मी हा नियम नववीच्या वर्गाला शिकवतो आहे. तेव्हा आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना, अंगावरच्या नुकत्याच इस्त्री केलेल्या सफारीसह, पंचवीस माणसांदेखत लोखंडी झाकणावर पाडण्याचा मान माझ्याकडे आला यात नवल नाही. नियम माहीत नसलेल्या माणसाच्या हातून इतकं नेमकं काम होत नसतं.

गोष्ट एका बाकाची आहे, आणि बाक बाबांसाठी होता.

बाबा आमच्याकडे राहायला येऊन दोन वर्षं झाली. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ''रोज दीड-दोन तास खाली जाऊन बसा. मोकळ्या हवेत, चार माणसांत. घरात बसून राहिलात तर पाय आखडतील आणि मग घरातच बसावं लागेल.'' बाबा दुसऱ्या दिवशी लिफ्टनं खाली गेले आणि दहा मिनिटांत वर आले.

''काय झालं बाबा?''

''डॉक्टर म्हणाला खाली बसा. खाली बसायला आहे काय? खांबाला टेकून उभा राहायला मी काय सायकल आहे?''

त्यानंतर ते खाली गेले नाहीत. महिनाभरात ते सगळ्यात जास्त बोलले ते टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी, आणि तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. आमच्या घरात असा शांतपणा कोणाला परवडत नाही. शेवटी एका सकाळी हिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि कप सोडायच्या आधीच म्हणाली, ''अहो, बाबांसाठी खाली काहीतरी सोय करा. आत्ता नाही उतरले तर पुन्हा उतरणार नाहीत ते.''

मी एक प्लास्टिकची खुर्ची नेऊन खाली ठेवली. ती संध्याकाळी दारात परत आली. तिच्या पाठीला चिठ्ठी चिकटवलेली होती: 'सामाईक जागेत खासगी आसन ठेवता येणार नाही. - सेक्रेटरी.'

आमचे सेक्रेटरी अंगानं किडकिडीत, पण ठरावाची फाईल काखेत असली की त्यांचं वजन वाढतं. चेअरमन लोखंडाच्या व्यवसायातले, आणि त्यांना पाहिलं की ते विचारावं लागत नाही. मी या दोघांकडे रीतसर अर्ज केला. अर्जावर तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत ठरलं की दोन माणसांचा बाक म्हणजे पुन्हा खासगी सोयच, तेव्हा बाक किमान चार माणसांचा हवा. दुसऱ्या बैठकीत जागा ठरली: मीटरच्या खोलीची भिंत आणि गाड्यांचा उतार यांच्या मधली, बरोबर आठ फूट. तिसऱ्या बैठकीत सेक्रेटरींच्या लक्षात आलं की त्या आठ फुटांत दोन्ही टोकांना पाण्याच्या लाइनची अडीच-अडीच फुटांची लोखंडी झाकणं आहेत. झाकणांवर पाणीपुरवठा विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उभं करायचं नाही, असं एक जुनं पत्र फाईलमध्ये निघालं.

''फळी झाकणावरून गेली तर चालेल,'' सेक्रेटरी म्हणाले. ''उचलता येते. पण पाय झाकणावर नको.''

''मग पाय मधल्या तीन फुटांत पुरतो,'' मी म्हणालो.

''पुरायचे नाहीत. खालून लाइन जाते.''

अशा रीतीनं चार माणसांचा, आठ फुटांचा बाक मधल्या तीन फुटांवर नुसता टेकवून उभा करायची परवानगी मला एकमतानं मिळाली. दुसरा कोणी असता तर त्यानं तिथंच हात टेकले असते. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे मला स्फुरण चढलं.

योगायोगानं त्याच आठवड्यात आमच्या शाळेत प्रयोगशाळेची जुनी टेबलं काढून टाकली. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून मी एका टेबलाची फळी घरी आणली. अस्सल सागवान, आठ फूट लांब, दोन इंच जाड, चाळीस किलो. या फळीवर मी वर्षानुवर्षं मीटरपट्टीला मध्ये टेकू देऊन दोन्ही बाजूंना वजनं टांगली होती आणि पट्टी आडवी राहिली की मुलांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं होतं. फळीवर आम्लाचे डाग होते आणि एका कोपऱ्यात कोणीतरी करकटकाच्या टोकानं, घाई न करता, 'सर झोपतात' असं कोरलेलं होतं. हे आरोप सगळ्याच शिक्षकांवर होतात. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सुतार आला. फळीवरून त्यानं हात फिरवला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, ''पाय टोकांना द्यायचे ना सर?''

''नाही. मध्ये. तीन फुटांत.''

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. ''आणि टोकाला माणूस बसला तर?''

''हे बघा, फळीचा गुरुत्वमध्य मधोमध आहे. दोन्ही बाजू सारख्या. ती झुकेल कशाला?''

''फळी नाही हो सर. माणूस.''

''माणूस फळीवरच बसणार ना? फळी स्थिर आहे.''

''मधोमध कापून देऊ का? चार फुटांचा करतो. दोघं सुखानं बसतील.''

''ठराव चार माणसांचा आहे.''

''बरं,'' सुतार म्हणाला.

ते 'बरं' मला तेव्हाच नीट ऐकू यायला हवं होतं. कारागीर माणूस वाद घालतो तोपर्यंत आशा असते. तो 'बरं' म्हणाला की समजावं, त्यानं आपल्याला आपल्या नशिबावर सोडलं.

पण माझ्याकडे तीन पानांचा हिशोब होता. त्यात फळीचं वजन होतं, पायांचं वजन होतं, पावसाळ्यात लाकूड फुगेल त्याची तरतूद होती, इतकंच काय, एका बाजूला कावळा बसला तर काय होईल तेही होतं. फक्त बसणारी माणसं नव्हती. यात माझा दोष आहे असं मला आजही वाटत नाही. पुस्तकातली उदाहरणंच तशी असतात. 'एक एकसमान फळी दोन टेकूंवर ठेवली आहे.' तिच्यावर कोणी बसत नाही. बसलाच तर 'क' नावाचा मनुष्य बसतो, आणि उत्तर येईपर्यंत तो जागचा उठत नाही.

बाक तयार झाला आणि तीन फुटांच्या जागेत असा दिमाखात उभा राहिला की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. तळमजल्याच्या काकू, ज्यांच्या खिडकीला इमारतीतलं काहीही चुकत नाही, लगेच बाहेर आल्या.

''सर, हा विमानासारखा दिसतोय.''

''समतोल आहे काकू.''

''दोन्ही टोकांखाली दोन-दोन विटा लावा. माझ्या कपाटाला लावल्यात तशा.''

''झाकणावर काही ठेवायचं नाहीये.''

''मग टोकाला कोणी बसायचं नाही असं करा.''

''काकू, मग चार माणसं बसणार कुठं?''

काकूंनी बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि 'शाळेत हेच शिकवता का' हा प्रश्न तोंडातल्या तोंडात ठेवून त्या आत गेल्या.

रविवारी सकाळी उद्घाटन झालं. सेक्रेटरींनी फीत आणली होती. बाबांना मी स्वतः खाली आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते खांबापाशी उभे राहिले, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्या माणसाला ''पाऊस नाही यंदा'' असं काहीतरी म्हटलेलं मी ऐकलं. माझा ऊर भरून आला. फोटोसाठी चेअरमन एका टोकाला आणि सेक्रेटरी दुसऱ्या टोकाला बसले. मधली जागा बाबांसाठी ठेवली होती. बाक तसूभरही हलला नाही. मी थोडक्यात, म्हणजे बारा मिनिटं, त्यामागचं तत्त्व समजावून सांगितलं. टाळ्या झाल्या. मग चेअरमन दोन शब्द बोलायला उठले.

पहिला शब्द त्यांच्या ओठांवर होता तेव्हाच त्यांच्या पाठीमागे फळीचं टोक वर निघालं. दुसऱ्या टोकाला सेक्रेटरी खाली जात होते. त्यांना कोणी पाडलं असं म्हणता येणार नाही. ते सावकाश, जबाबदारीनं, फाईल छातीशी धरून खाली गेले, आणि शेवटच्या अर्ध्या फुटात मात्र एकदम पोचले. झाकणाचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. त्यानंतर मधल्या पायांवर कलंडलेला बाक त्यांच्या पायांवर येऊन थांबला, जणू त्यांनी उठू नये म्हणून.

लागलं काही नाही. लागलं असतं तर लोकांनी इतकं हसू दाबून ठेवायची गरज नव्हती.

चेअरमननी सगळ्यांकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, ''मी फक्त उठलो.''

वैज्ञानिकदृष्ट्या हे वाक्य अगदी बरोबर होतं. टोकाचा माणूस आणि जवळचा पाय यांच्यात दोन फूट. सेक्रेटरी बावन्न किलो, गुणिले दोन, एकशे चार. फळी चाळीस किलो, तिचा मध्य पायापासून दीड फूट, साठ. साठनं एकशे चार धरून ठेवायचे कसे? नववीतला पोरगा हे गणित तोंडी करतो. मी ते तिथं, फळी उचलता उचलता केलं.

''अजून कोणी बसणार आहे का,'' बाबांनी विचारलं, ''की मी वर जाऊ?''

आणि ते गेले. लिफ्टचं दार लागलं तेव्हा मला सेक्रेटरींपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी दोन ओळींची नोटीस आली. पंधरा दिवसांत पाणीपुरवठा विभागाची परवानगी आणून पाय टोकांना बसवावेत, नाहीतर बाक भंगारात जाईल.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला.

''अर्ज कशाचा?''

''पाय ठेवण्याचा.''

''कोणाचा पाय?''

''बाकाचा. तुमच्या झाकणावर.''

त्यांनी छापील अर्ज उलटा-पालटा केला. त्यावर नवी जोडणी होती, जोडणी तोडणं होतं, गळती होती आणि 'इतर' होतं. 'इतर' ची खिडकी गुरुवारी उघडते. गुरुवारी गेलो. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''साहेब येऊन झाकण उघडून बघतील.''

''कधी येतील?''

''आले की.''

तोपर्यंत बाक चालवणं भाग होतं. मी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून भिंतीवर लावली: 'टोकाला एकट्याने बसू नये. उठण्यापूर्वी समोरच्या टोकास सांगावे.' ही पाटी वाचून लोक बाक टाळतील अशी सेक्रेटरींची अपेक्षा होती. झालं उलटंच. मधल्या तीन फुटांत खेटून बसण्यापेक्षा टोकाला ऐसपैस बसण्यात गंमत आहे हे एकदा कळल्यावर काकू खिडकीतून हाका मारायला लागल्या, ''अगं, जरा खाली ये ना, मला बसायचंय.'' बाजारातून आलेला माणूस पिशव्या दुसऱ्या टोकाला ठेवून बसे आणि उठताना एकेक भाजी हातात घेत विचार करी. शाळेत माझ्या वर्गात एक हात वर झाला. ''सर, उदाहरण म्हणून आपल्या बिल्डिंगचा बाक घेऊ का?'' ही मुलगी आमच्या पहिल्या मजल्यावर राहते. मी 'नको' म्हणेपर्यंत फळ्यावर बाक काढून झाला होता, आणि त्याच्या एका टोकाला सफारीसुद्धा.

बाबा मात्र खाली यायला तयार नव्हते. ''मी काय वजन आहे का तुझ्या तराजूचं?'' त्यांनी विचारलं आणि टीव्ही मोठा केला. पंधरापैकी सहा दिवस संपले.

सातव्या दिवशी हिनं सूत्रं हातात घेतली. ''बाबा, मला खाली बसायचंय,'' ती म्हणाली, ''एकटी बसले तर पडेन.'' सुनेला नाही म्हणणं बाबांना जमत नाही. पाच वाजता दोघं दोन टोकांना बसले.

इथं मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांची ओळख करून द्यायला हवी. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पोस्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. बाबा आमच्याकडे आल्या आल्या, चौथ्याच दिवशी, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना ते पाणी खाली पोस्टमास्तरांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं. दुसरा कोणी असता तर वर येऊन भांडला असता. पोस्टमास्तरांनी तक्रारीचं पत्र लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरून निघालेलं ते पत्र सहा दिवसांनी तिसऱ्या मजल्यावर पोचलं. बाबांनी रजिस्टर पोस्टानंच उत्तर दिलं, पोचपावतीसह. त्यानंतर दोन वर्षं दोघांच्या तोंडाला कुलूप होतं. लिफ्टमध्ये समोरासमोर आले तर दोघंही मजल्यांचे आकडे वाचत.

तर त्या दिवशी पाच-दहाला हे पोस्टमास्तर फाटकातून आत आले. ही बाकावरूनच म्हणाली, ''काका, दोन मिनिटं इथं बसता का? गॅसवर दूध ठेवलंय. मी उठले तर बाबा पडतील.''

पोस्टमास्तरांनी पाटी वाचली. लिहिलेल्या सूचनेविरुद्ध ते जन्मात गेलेले नाहीत. ते हिच्या शेजारी बसले, ही अलगद उठली आणि वर आली.

मी पावणेसातला शाळेतून परतलो तेव्हा ती स्वयंपाकघरात निवांत मटार सोलत होती.

''बाबा कुठायत?''

''खाली. पोस्टमास्तर काकांबरोबर.''

''बोलतायत?''

''नाही. पण उठताही येत नाहीये.''

''तुला दूध बघायचं होतं ना?''

''दूध आज आलंच नाही,'' ती म्हणाली.

मी धावत खाली गेलो. माझ्यामागे हीसुद्धा आली. आम्ही खांबाआड उभे राहिलो. आठ फुटी फळीच्या एका टोकाला बाबा मीटरच्या खोलीकडे तोंड करून बसले होते, दुसऱ्या टोकाला पोस्टमास्तर गाड्यांच्या उताराकडे. मध्ये पाच-सहा फूट सागवान आणि दोन वर्षं. दीड तासात एकानंही मान वळवलेली नव्हती. काकूंनी खिडकीत खुर्ची आणून ठेवली होती.

उपाय सोपा होता. मी मधोमध जाऊन बसलो असतो तर माझे अठ्ठ्याहत्तर किलो आणि फळीचे चाळीस मिळून कोणीही उठलं तरी बाक राहिला असता. हिशोब चटकन झाला, तेव्हा मी पाऊल उचललं. हिनं माझी बाही धरली.

''मध्ये जाऊ नका.''

''अगं, मी बसलो की दोघं सुटतील.''

''म्हणूनच नका जाऊ.''

आम्ही थांबलो. पोस्टमास्तर बोटानं फळी चाचपत होते. त्यांचं बोट एका जागी अडलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात वाचलं, ''सर झोपतात.''

''काय?'' बाबांनी मान वळवली.

''इथं कोरलंय. सर झोपतात. कोण सर?''

बाबा म्हणाले, ''आमचाच. लहानपणापासून.''

पोस्टमास्तरांच्या घशातून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

''माझ्या साडेसातच्या बातम्या आहेत,'' पोस्टमास्तर म्हणाले.

''मग जा की.''

''गेलो तर तुम्ही पडाल.''

''पडेन. मग तुम्ही कळवा रजिस्टरनं, पडलात म्हणून.''

''पोचपावतीवर सही लागेल.''

''देईन.''

मग पोस्टमास्तर उताराकडे बघत म्हणाले, ''चादरी नव्या होत्या.''

''वरून खालच्या चादरी दिसत नाहीत.''

''विचारायचं होतं.''

''कोणाला?'' बाबा म्हणाले. ''येऊन चार दिवस झाले होते. ओळख कोणाची होती?''

खांबाआड हिनं माझी बाही सोडली.

''हं,'' पोस्टमास्तर म्हणाले. ''तसं असेल तर वेगळं.'' मग त्यांनी घसा साफ केला. ''मी तीन म्हणतो. दोघांनी एकदम उठायचं.''

''तीन म्हणताना, की म्हणून झाल्यावर?''

''झाल्यावर.''

''मग चार म्हणा आणि चारला उठू.''

''चार नाही. तीन. तीन म्हणून झाल्यावर.''

''बरं, मोजा.''

''एक. दोन. तीन.''

दोघं उठले. बाक तसूभरही हलला नाही. मी आयुष्यात केलेल्या प्रयोगांपैकी हा एकमेव प्रयोग पहिल्या फटक्यात जमला, आणि तो मी केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाचला बाबांनी स्वतः चपला शोधल्या. ''तो एकटा बसला तर पडेल,'' ते हिला म्हणाले. खाली पोस्टमास्तर पंधरा मिनिटं उभे होते, कारण एकट्यानं टोकाला बसू नये असं लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून बाबा रोज जायला लागले. गुडघे कुरकुरत, पण बाबांच्या कुरकुरीपुढे ते ऐकू येत नसे. बाबा वर येऊन सांगायचे की तीनचं चार करायला हा माणूस काही केल्या तयार नाही, आणि पूर्वी पत्रं दोन दिवसांत पोचत असं म्हणतो, हे शुद्ध खोटं आहे. टीव्हीवरच्या बाईंना विश्रांती मिळाली.

तेराव्या दिवशी पाणीपुरवठ्याचे साहेब आले. त्यांनी कांबीनं झाकण उचललं. आत कोरडं होतं. एक रबरी चप्पल होती आणि एक फुटका चेंडू. दुसरं झाकण उचललं, तर आत तेवढंही नव्हतं.

''ही लाइन नऊ वर्षांपूर्वी बंद झाली,'' साहेब म्हणाले. ''नवी पलीकडून जाते. पाय काय, हत्ती उभा करा.''

त्यांनी तसं लिहून, शिक्का मारून दिलं. ज्या कागदासाठी मी दोन अर्ध्या रजा घातल्या होत्या, तो हातात आला आणि मला काही आनंद होईना. पाय टोकांना गेले की बाक सुरक्षित होणार होता. सुरक्षित बाकावरून कोणीही, कधीही, कोणाला न सांगता उठून जाऊ शकतो. मी तो कागद नववीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात खाली घातला. तिथं माझ्याशिवाय कोणी बघत नाही, आणि मीही शक्यतो बघत नाही.

पण पंधरावा दिवस आला. सेक्रेटरी दारात आले. ''परवानगी नसेल तर उद्या भंगारवाला येतोय,'' ते म्हणाले. नुसतं 'बाक' म्हणताना त्यांचा हात आपोआप पाठीमागे जातो. भंगारात गेलेल्या बाकापेक्षा सुरक्षित बाक बरा, असा हिशोब करून मी गठ्ठा उपसला आणि कागद त्यांच्या हाती दिला.

सुतार परत आला.

''पाय टोकांना ना सर?''

''हो.''

''बरं,'' तो म्हणाला. या वेळचं 'बरं' वेगळं होतं, पण त्यात समाधान जरा जास्तच होतं.

मी पाटी काढली. संध्याकाळी पाचला बाबा खाली गेले. आज ते अर्ध्या तासात परत येणार आणि उद्या जाणार नाहीत, या धास्तीनं मी मागोमाग गेलो आणि खांबाआड उभा राहिलो. खांबाआड उभं राहायची मला आता सवय झाली होती. दोघं आपापल्या टोकाला बसले. बाबा मीटरच्या खोलीकडे पाठ करून, पोस्टमास्तर उताराकडे पाठ करून. पत्रं किती दिवसांत पोचत यावरून जुंपली. सव्वासात वाजले.

''चला,'' पोस्टमास्तर म्हणाले. ''एक. दोन. तीन.''

दोघं एकदम उठले.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो, बाकाच्या अगदी टोकाला बसलो, उठलो, पुन्हा बसलो. ''बाबा, आता मोजायची गरज नाही. पाय टोकांना आहेत. कोणीही कधीही उठा, बाक पडणारच नाही.''

पोस्टमास्तरांनी बाबांकडे पाहिलं.

''मागच्या वेळीही तो हेच म्हणाला होता,'' बाबा त्यांना म्हणाले, आणि दोघं लिफ्टकडे गेले.

नववीच्या वार्षिक परीक्षेत हा धडा तीन गुणांना असतो.